वाटीभर दूध

"बरण्यांना हात लावू नका," कुंडलिकनं त्या दुपारी सातव्यांदा सांगितलं.

दुकान पुढच्या बाजूला अजून चालू होतं. मागच्या खोलीत मालकांनी जुन्या औषधांचं छोटं संग्रहालय थाटलं होतं आणि बावन्न वर्षं कंपाउंडर म्हणून राबलेल्या कुंडलिकलाही तिथंच बसवलं होतं. सोलापूरच्या उन्हातून लोक यायचे ते बहुतेक पंख्यासाठी. तीच ती माहिती सांगून तो विटून गेला होता.

वळसंगहून आलेली म्हातारी बरण्यांकडे बघतच नव्हती. ती स्टुलावर टेकली आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. बूच तसंच, औषध काठोकाठ.

"मी मायाक्का. नात म्हनली, जुना कंपाउंडर हितंच बसतोय. पन्नास वर्सं झाली. माझ्या पोरीला लई ताप हुता, तवा तुमीच दिल्यालं हे."

"मग पाजलं नाही?"

"तुमी म्हनला, हालु घालून पाज. शेळ्या आटल्याल्या. गावभर हिंडून वाटीभर दूध मिळवलं. घरी आले तर पोर गेल्याली." "आता माजंबी वय झालं. एकच इचारायचं हाय. बिनदुधाचं पाजलं असतं तर चाललं असतं का?"

कुंडलिकला आधी काही उमगेना. "दूध कशाला?"

"माजं म्हायेर कानडी. आमच्यात हालु म्हंजी दूधच की."

"मी सगळ्यांना एकच सांगायचो," तो म्हणाला. "बाटली हालवून पाज."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

मायाक्का रडली नाही. "म्हंजी दूध लागतच न्हवतं," ती म्हणाली. "मीच मारलं की तिला."

कुंडलिकला तिच्याकडे बघवेना. काहीतरी करायचं म्हणून त्यानं बाटली उचलली, बूच उपसलं आणि वास घेतला. त्यानं परत एकदा वास घेतला. या बाटलीबद्दल विचारणारं जगात आता तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि बाटली पुन्हा फडक्यात गुंडाळून देणं सोपं होतं.

"आक्का," तो म्हणाला, "हे अंगाला चोळायचं औषध आहे, पोटात गेलं तर विष. तुझ्या पोरीची बाटली मी तुला दिलीच नव्हती, चुकून ही दिली."