पळणारा शिपाई

“पळतोय बघा, मागे कुत्रं लागल्यासारखा पळतोय!” उस्ताद पडद्यावर बोट आपटत म्हणाले. पडद्यावरचा शिपाई बंदूक उचलायच्या आतच मरून पडला होता.

दातांच्या डॉक्टरांनी नुसती मान डोलावली. गोळीबाराचा हा जुना गेम म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा जीव की प्राण. डॉक्टर स्वतः कधी खेळले नव्हते, पण भावाच्या खांद्यावरून त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं. भाऊ गेला. आता नव्या कॉम्प्युटरवर गेम सुरूच होईना, म्हणून ते उस्तादांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले होते.

“सुरू तर केलात की,” डॉक्टर म्हणाले. “मला तेवढंच हवं होतं.”

“तेवढ्यावर सोडला तर उस्ताद कसला! अहो डॉक्टर, त्या काळची मशिनं म्हणजे गोगलगायी. गेम लिहिणाऱ्यांनी त्यांच्या चालीवर शिपायाची चाल बेतली. तुमचं हे नवं मशीन म्हणजे घोडा. बिचारा शिपाई मागे फरफटत जातोय. याला लगाम घालायला हवा.”

जुन्या गेमचा हा रोग उस्तादांना तोंडपाठ होता, आणि औषधही. असे कितीतरी शिपाई त्यांनी आजवर चालीवर आणले होते.

हे काम जमायलाच हवं होतं. दुकानात आताशा माशीही फिरकत नव्हती. दुकानाला कुलूप लावा आणि माझ्या गोदामात देखरेखीला या, असा मेहुण्याचा निरोपावर निरोप येत होता. मेहुण्याच्या हाताखाली! नुसत्या विचारानेच उस्तादांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गेम नीट चालला तर माझ्या सगळ्या दवाखान्यांतली मशिनं तुम्हीच सांभाळायची, असा डॉक्टरांनी शब्द दिला होता. तेवढं मिळालं की दुकान तरलं.

त्यांनी लगाम घातला. जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम टाकला आणि वेग खाली ओढला. शिपाई थोडा सावरला, पण तरीही पळतच होता. उस्तादांनी वेग आणखी ओढला.

“अहो, ताट वाढून कधीची बसलेय!” बायको मागच्या खोलीतून दारात आली.

“आत्ता तर हाक मारलीस.”

“आत्ता? हाका मारून घसा बसला माझा. सगळं गार झालंय.”

“मग गारच खातो. गार अन्नाने कुणी मेलं नाही.”

ती हसली नाही. हल्ली त्यांच्या विनोदांवर ती हसायचीच नाही, नुसती बघत राहायची. मेहुण्याने हिचे कान भरलेत, असं उस्तादांना वाटायचं आणि मनातून वाईटही वाटायचं.

दुपारी ते वायर आणायला समोरच्या दुकानात निघाले. अर्ध्या रस्त्यात असतानाच सिग्नल बदलला आणि एक टेम्पो अंगावर येऊन करकचून थांबला.

“काका, जीव नकोसा झालाय का?” ड्रायव्हर ओरडला.

“सिग्नलला धड दम नाही आणि तुला तर त्याहून नाही!” उस्तादांनी त्याला सुनावलं. आणि ते दुकानात शिरले. काउंटरवरची पोरगी लाह्या फुटाव्यात तशी बोलत होती. त्यांनी तिला दोनदा विचारलं, मग कळल्यासारखं करून मिळाली ती वायर घेतली.

डॉक्टर गेम बघायला आले. “उस्ताद, हा तर झोपेत चालल्यासारखा चालतोय.”

“तुमचा भाऊ असाच खेळायचा. तुम्ही विसरलात.”

डॉक्टर पडद्याकडे एकदा बघून निघाले.

ते गेल्यावर उस्तादांनी परत कीबोर्ड ओढला. शिपाई मेला. वेग कमी केला. शिपाई मेला. बोटं तीच, बटणं तीच, आणि हा गेम एके काळी ते डोळे मिटून जिंकायचे. आपल्याला हे जमणार नाही, ही भीती त्यांना पहिल्यांदाच वाटली. गोदाम, मेहुणा, कुलूप, सगळं डोळ्यांसमोर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर एक भलंमोठं पिवळट खोकं छातीशी धरून आले.

“भावाचंच मशीन,” ते धापा टाकत म्हणाले. “माळ्यावर होतं. तो गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही. मूळ वेग यावर कळेल, नाही का?”

“डॉक्टर, तुम्ही देवासारखे आलात!” उस्तादांना उचंबळून आलं. आता खरं माप हातात होतं. यावर शिपाई कसा चालतो ते बघायचं आणि नव्या मशीनला तीच चाल लावायची. काम संपलं, दुकान वाचलं. बायकोने वायरी जोडायला मदत केली. मशीन घरघरलं आणि गेम उघडला.

शिपाई सुसाट सुटला. दारं फटाफट उघडली, मिटली. उस्तादांचं बोट बटणावर टेकायच्या आत पडदा लाल झाला.

“हासुद्धा!” ते ओरडले. “यातही कुणीतरी छेडछाड केलीय! डॉक्टर, बघितलंत ना, कसा पळतोय?”

डॉक्टर उस्तादांच्या बायकोकडे बघून हलकेच म्हणाले, “वहिनी, तुम्ही बसता का जरा? हे बाण चालायचे, आणि हे बटण गोळीचं.”

“मी? मला कुठे काय येतंय?”

तरी ती बसली. आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळणाऱ्या बायकोने त्याच मशीनवर, त्याच वेगात, एकेक दार उघडत, वळणावर थांबून “आता डावीकडे का हो डॉक्टर?” असं विचारत, शिपायाला सावकाश पहिल्या मजल्यापलीकडे नेलं.