छताजवळचा कप्पा

उजवा हात झोळीत घेऊन क्षितिजा हॉस्पिटलातून आली, तर बाबांनी गॅरेजच्या भिंतीला रॅक बसवली होती. निवृत्त झाले तरी गोविंदपुऱ्यातल्या कारखान्याची शिस्त सुटली नव्हती. हाताशी येणाऱ्या कप्प्यात गाडी पुसायची फडकी होती. तिचा विंडसर्फिंगचा बोर्ड आणि शीड थेट छताजवळ, पुढून आडव्या सळईने बंद. “नटबोल्ट कुठेत, बाबा?” “वेल्डिंग केलंय. आता जन्मात हलणार नाही!” ते खुशीत म्हणाले. तिच्या मस्तकात तिडीक गेली. “रोज लागणारं हाताशी, मोडीतलं छताशी, हे तुम्हीच शिकवलंत! डॉक्टर म्हणाले, खांदा बरा झाला की खुशाल तलावात उतर. मोडीत तुम्ही काढलंत मला!” “अगं, जपून ठेवलंय...” “मेलेल्या माणसाचं सामान जपून ठेवतात. मी समोर उभी आहे!” तिने डाव्या हाताने लोखंड कापायचा ग्राइंडर उचलून त्यांच्या हातात कोंबला. “कापा.”