उगाचचा वळसा

औषधांच्या गोदामात नव्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या फेऱ्या बसवताना वरदच्या डोळ्यांत गणेशपुरीपलीकडचा एक दवाखाना खुपला. सर्पदंशावरच्या इंजेक्शनांचा खोका तिथे जायचा आणि मुदत संपली की न फोडताच परत यायचा.

“तीन वर्षांत एकदाही लागलेला नाही. उगाच चौदा किलोमीटरचा वळसा!” म्हणत त्याने दवाखान्याचं नाव यादीतून उडवलं. ड्रायव्हर केसरीनाथने नवी यादी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरदच्या टेबलाला टेकवून गाडीचं चाक ठेवलेलं होतं.

“हे काय, केसरीनाथ?”

“स्टेपनी हाय, साहेब. तीन वर्षांत एकदा पन लागली न्हाय. उगाच कशाला वाहायची?”