अर्धी चूक

बुद्धरत्नने प्रतिज्ञापत्रातल्या एका ओळीवर डाव्या हाताने आडवी रेघ मारली, तेव्हा मात्र त्याच्या बायकोचं, कस्तुराचं, डोकं फिरलं.

ओळ साधीच होती. निघोजे फाट्यावर टेंपो इंडिकेटर न देता वळला, मोटारसायकलवाल्याची काहीच चूक नव्हती. खोडण्यासारखं त्यात काय होतं? पण हा गृहस्थ गेली दीड वर्षं एकच पालुपद लावून बसला होता. अर्धी चूक माझी. पोलिसाला तेच सांगितलं, विम्याच्या माणसालाही तेच. विमा कंपनीला काय, आंधळा मागतो एक डोळा. अर्धी चूक कबूल केली की भरपाईही अर्धीच.

अर्ध्या भरपाईत आजवरची दवाखान्याची बिलं कशीबशी भागली असती. उजव्या हाताचं दुसरं ऑपरेशन राहिलंच असतं, आणि हात नीट वळल्याशिवाय चाकणची कंपनी त्याला मशीनवर उभं करणार नव्हती. कस्तुराने हे त्याला शंभरदा सांगितलं होतं. रहाटणीहून निगडीला वकिलांकडे येताना रिक्षातही सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

वकीलबाई स्वरूपा मॅडम शांतपणे एकेक विचारत होत्या. वेग जास्त होता का? नाही. हेल्मेट? होतं. राँग साइडने आलात? नाही.

"मग चूक कुठली, भाऊ?"

"लक्ष नव्हतं माझं," बुद्धरत्न खाली बघत म्हणाला.

"मग कुठं होतं तुमचं लक्ष?" कस्तुराने विचारलं. तो गप्प. या गप्प बसण्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप यायचा. तो भांडला असता, तर तिला भांडता तरी आलं असतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. समोरचा वकील मोबाइलचं हमखास विचारणार, म्हणाल्या. फोनवर बोलत होते का?

आता कस्तुराला जोर चढला. बाकी काही असो, या बाबतीत नवऱ्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती, आणि ही शिस्त तिनेच लावली होती. गाडीवर फोन उचलायचाच नाही. शिफ्ट सुटायच्या वेळेला ती नुसते मिस कॉल द्यायची. एक आला तर दूध आणायचं, लागोपाठ दोन आले तर मुलीला, मिनलला, क्लासवरून घ्यायचं. फोन शर्टाच्या खिशातून बाहेर काढायचीसुद्धा गरज नाही.

"मी कोर्टात शपथेवर सांगते, मॅडम," ती म्हणाली. "त्या दिवशीपण मी मिस कॉलच दिला होता."

मॅडम भराभर लिहायला लागल्या. "एक की दोन?"

कस्तुरा आठवू लागली.

"एक वाजला होता," बुद्धरत्न तिच्याकडे न बघता म्हणाला. "दुसरा येतोय का, तिकडं लक्ष होतं."