विंगेतला आवाज

रविकिरणचा घसा सकाळी बसला, तो दुपार टळली तरी उठायचं नाव घेईना. नांदेडला संध्याकाळी स्पर्धेचा प्रयोग, आणि नाटकाचा नायक हळदीचं दूध पीत खुणांनी बोलतोय. लातूरहून आलेली मंडळी मेकअपरूममध्ये तोंडं पाडून बसली होती. दिग्दर्शिका वर्षाराणीताईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि ती श्रीशैलवर आणून थांबवली.

"तूच उभा राहा. तुला सगळ्यांची वाक्यं पाठ हायत."

पाठ असणारच. नाटक त्यानंच लिहिलं होतं आणि विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंगही तोच करायचा. तालमीत कुणी जरा अडखळलं की त्याचा दबका आवाज आलाच. लातुरात पोरगा नाटकं लिहितो म्हटलं की लोक आधी त्याचे डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचे मार्क विचारतात, मग हळहळतात. श्रीशैल शिकवणीत मराठी शिकवून पोट भरत होता, आणि त्याच्या आधीच्या नाटकांना परीक्षकांनी 'प्रयत्न चांगला' यापलीकडे काही दिलं नव्हतं. हे नाटक मात्र त्यानं जीव ओतून लिहिलं होतं. निजामाच्या काळातला एक फाटका नाटककार, त्याच्यावर भाळलेली कापडवाल्या शेटजींची मुलगी, मधे भरपूर घोटाळे आणि शेवट गोड. हा फाटका कोण आणि ती मुलगी कोण, हे तालमीला चहा आणणाऱ्यालाही कळलं होतं. ते फक्त अंजूला कळावं आणि बाकी कुणाला कळू नये, अशी श्रीशैलची व्यवस्था होती.

अंजू नाटकाची नायिका. तिच्या अप्पांचं, मल्लिनाथअप्पांचं, लातुरात खरोखरच कापडाचं दुकान होतं. सगळ्या संचात विंगेतून कधी शब्द द्यावा लागला नाही असं एकच माणूस होतं, ते म्हणजे ती. श्रीशैल तिच्याशी तालमीचं बोलायचा, पावसापाण्याचं बोलायचा. मनातलं कधी बोलला नव्हता. सगळं नाटकात घातलंय, आता वेगळं काय बोलायचं, असं त्याला वाटे.

शेरवानी चढवून, मिशी चिकटवून तो व्हरांड्यात आला, तर कोपऱ्यात अप्पा आणि अंजू उभे. धर्माबादचे पाहुणे मुद्दाम नाटक बघायला आले होते. मुलगा त्यांचा मिरचीच्या व्यापारात, स्वभावानं गरीब. उद्या सुपारी फोडायची असं त्यांचं म्हणणं होतं.

"पोरी, जबरदस्ती न्हाई," अप्पा म्हणत होते. "तुझ्या मनात दुसरं काही असंल तर आत्ता सांग."

"प्रयोग होऊ द्या, अप्पा," अंजू म्हणाली. "मग सांगते."

श्रीशैलनं ते ऐकलं. तिनं नकार दिला नव्हता. होकारही दिला नव्हता. म्हणजे अजून काहीतरी शिल्लक होतं, आणि ते आज रात्री संपणार होतं.

पडदा उघडला. पहिल्या अंकात त्याची मिशी एका बाजूनं सुटली, लोक पोट धरून हसले. दुसऱ्या अंकात तो धडपडला, तेही लोकांना आवडलं. तिसऱ्या रांगेत अप्पा आणि पाहुणे शेजारी शेजारी बसून हसत होते. श्रीशैलला ते रंगमंचावरून दिसत होतं.

शेवटचा प्रवेश आला. नायकानं रुमी टोपी काढून विचारायचं, "याल आमच्यासोबत?" आणि तिनं म्हणायचं, "येईन, पण पुढचं नाटक आधी मला वाचून दाखवायचं." मग पडदा.

त्यानं विचारलं.

अंजू काही बोलली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या जवळून, इतका वेळ तिनं त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. सभागृहात कुणीतरी खोकलं.

श्रीशैलला वाटलं, विसरली. हिच्याकडून कधी होत नाही आणि आजच झालं. त्यानं सवयीनं, ओठ न हलवता शब्द दिला, "येईन, पण..."

ती तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आल्यासारखे वाटले.

"येईन, पण पुढचं नाटक..." त्यानं जरा मोठ्यानं सांगितलं. ते पुढच्या रांगेला ऐकू गेलं आणि हशा पिकला.

अंजूनं मान खाली घातली. मग वर बघून तिनं ते वाक्य म्हटलं, अगदी लिहिलं होतं तसं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पडदा पडला.

प्रेक्षक उठायला लागले तेव्हा श्रीशैल विंगेतून बघत होता. अंजू शालूचा पदर सावरत खाली गेली आणि अप्पांच्या कानाशी काहीतरी बोलली. अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. धर्माबादच्या बाईंनी, मुलाच्या आईनं, तिला जवळ घेऊन तोंडात पेढा घातला. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. श्रीशैलनं चिकटवलेली मिशी ओढून काढली. तेवढ्यात मागून वर्षाराणीताई आल्या, परीक्षक लई खूश हायत, लेखनाचं बक्षीस आपलंच धर, म्हणाल्या. त्यानं मान हलवली.

ती मेकअपरूममध्ये आली तेव्हा तो तिथंच होता. काहीतरी बोलायला हवं होतं. त्याला सुचलं ते प्रॉम्प्टरचंच.

"एवढ्या तालमी झाल्या अंजू, आणि शेवटचंच वाक्य कसं विसरलीस?"

अंजू आरशासमोर कानातली काढत होती. तिनं वळून बघितलं नाही.

"विसरले न्हाई मी," ती म्हणाली. "आज तरी तुझं तू काही बोलतोस का, म्हणून थांबले होते."