बाबांचा कान

“घोट्याचं घरी सांगितलंस?” खोलीतल्या सोबतिणीने, गोळीने, विचारलं.

“वेड लागलंय का मला?”

पट्टी बांधलेला पाय उशीवर टेकवून ती हॉस्टेलच्या खाटेवर बसली होती. सकाळी ट्रॅककडे जाताना दवाने निसरड्या झालेल्या पायरीवरून तिचा पाय सटकला होता. पळण्याचं नाव काढायचं नाही, अशी तंबी कॉलेजच्या डॉक्टरांनी दिली होती.

दुखापत झाली की पहिल्या गाडीने घरी, ही बाबांची अट. खेळाडू म्हणून कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा त्या एका अटीवरच त्यांनी तिला सोडलं होतं. आणि बाबांपुढे घरात कुणाची डाळ शिजत नसे.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करत. उघडण्याआधी नुसता कान लावून तिचं दुखणं सांगत. लेकीलाही त्यांनी तसंच घडवलं होतं. रोज सकाळी ती फोन ट्रॅकच्या कडेला बाकावर ठेवायची आणि पळायची. बाबा घरी बसून ऐकायचे. “डावा पाय घासतेस.” “रात्री जागलीस ना?” नवे बूट घेतले, तर तेही त्यांनी न सांगता ओळखले. कौतुक मात्र औषधालाही नाही.

थंडी पडली आणि बाबांचा घसा बसला. “डॉक्टरांनी बोलायची बंदी केलीय,” आई म्हणाली. “पण ऐकतायत हं. कपावर चमचा वाजवतील. एकदा म्हणजे छान, दोनदा म्हणजे पुन्हा पळ.”

तेव्हापासून रोज एकदाच टिंग. बाबा इतके खूश कधीच नव्हते. पोरगी हुरळून गेली. आपल्याला थंडी मानवली, असं ज्याला त्याला सांगत सुटली. आणि नेमका आता हा घोटा.

“उद्या तुझ्याऐवजी मी पळते,” गोळी म्हणाली.

गोळी गोळाफेकीतली, म्हणून हे नाव. ती नुसती चालली तरी खालच्या मजल्यावरच्या मुली छताकडे बघत.

“तू? बाबांना वाटेल, ट्रॅकवर रेडा सोडलाय!”

“हळू टाकीन गं पाय. बाबा काय देव लागून गेलेत?”

“तू ओळखत नाहीस त्यांना.”

पण दुसरा इलाजही सुचेना. फोन केला नाही तर आई घाबरणार, आणि थाप मारायला तोंड उघडलं तर बाबा आवाजावरूनच पकडणार.

दुसऱ्या दिवशी गोळीच्या खांद्याचा आधार घेत ती लंगडत बाकापर्यंत आली. धुक्यात पलीकडची जाळीही दिसत नव्हती. तिने फोन लावला.

“आई, ठेवते गं बाकावर.”

“ठेव. ऐकतायत.”

गोळी निघाली. धप, धप, धप. बाकाच्या फळ्या हादरल्या. पहिल्याच फेरीत तिला धाप लागली, दुसरीत ती जवळजवळ चालायलाच लागली. बाकावर बसलेल्या लेकीने डोळे घट्ट मिटले. आता घशाची पर्वा न करता बाबा ओरडणार. ओरडणारच.

टिंग.

ती दुसऱ्या टिंगची वाट बघत राहिली. ते आलं नाही.

गोळी बाकाशी येऊन गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. मग फोनवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, “फसले की गं तुझे बाबा!”

लेकीला हसू आलं नाही. तिने फोन उचलून कानाला लावला.

“छान म्हणतायत हं,” पलीकडून आई घाईघाईने म्हणाली. “आज तर म्हणे फारच छान पळालीस.”

“आई,” तिने विचारलं, “बाबा कधी गेले?”