खांद्याची कबुली

"खांदा सैल सोडा," फरजाना म्हणाल्या. हेमचंद्रने सोडला. खांदा होता तिथेच राहिला, पार कानाला टेकलेला.

तीन आठवडे हेच रडगाणं चालू होतं. बाम चोळून झाले, दोन उशा बदलून झाल्या. शेवटी भैरवीने नवऱ्याला ओढतच बिन ओमरान भागातल्या या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आणलं. फरजाना मूळच्या खेडच्या, इथे आखातात पेशंटला मराठीतून दटावायला मिळालं की खूश. त्यांनी खांद्यावर पट्ट्या चिकटवल्या आणि वायरी उशाजवळच्या मशीनला जोडल्या.

"मनावर ताण आला की स्नायू आवळतो. माणसाला पत्ता नसतो, पण मशीन लगेच बीप करतं," त्या म्हणाल्या. "पडून राहा, मी आलेच." पडदा सारून त्या बाहेर गेल्या.

भैरवी खुर्चीत मोबाइल घेऊन बसली. मदिनत खलीफा भागात तिला मनासारखा मोठा फ्लॅट सापडला होता.

"शनिवारी पक्का करून टाकू ना?"

"टाकू की."

बीप.

भैरवीने मान वर केली.

"ऑफिसात सगळं ठीक आहे ना रे?"

"एकदम मस्त."

बीप. बीप.

"आणि कॉन्ट्रॅक्ट? होतंय ना रिन्यू?"

हेमचंद्रने तोंड उघडायच्या आत मशीन बोंबललं. आपलाच खांदा असा फितूर झाल्यावर माणूस करणार काय?

"खलास," तो छताकडे बघत म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वीच मेल आला. तू नव्या घरासाठी पडदे बघत होतीस गं. सांगायचा धीरच झाला नाही."

आता ही रडणार, असं त्याला वाटलं. भैरवीने खुर्ची पुढे ओढली आणि त्याचा हात धरला.

"वेडा आहेस का? एवढं एकटाच घेऊन फिरत होतास? दुसरी नोकरी शोधू. नाही मिळाली तर नाशिकला जाऊ. पडदे तिथेही लागतात."

त्याला इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले. मशीन मात्र बीप करतच होतं. आता याला काय झालंय, ते त्याला कळेना.

तेवढ्यात फरजाना घाईघाईने आत आल्या.

"सॉरी हं, उशीर झाला. पडद्यापलीकडच्या काकांचं मशीन गप्पच बसत नाही. चला, आता तुमचं चालू करते."

नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. फरजानांनी हेमचंद्रचा खांदा चाचपला, पुन्हा चाचपला, आणि चक्रावून विचारलं, "हा तर आलाय की जागेवर. काय केलंत तुम्ही?"